अर्थिंग

घरात काहीतरी आहे असं वाटलं
तर आधी मेन स्विच बंद करा.
फोनवर मी सगळ्यांना हेच सांगतो,
मग टेस्टर, काळी टेप, पक्कड पिशवीत टाकून
उलव्याला येतो, सेक्टर एकोणीस,
जिथे लिफ्टमधलं प्लायवुड अजून कोणी काढलेलं नाही.

दिवा बंद केला तरी मंद जळत राहतो, म्हणता.
एलईडी आहे, वहिनी. स्विच न्यूट्रलवर बसवलाय,
त्यामुळे फेज रात्रभर उभा असतो
उंबऱ्याशी, धड आत नाही, धड बाहेर नाही.
वायर बदलली की जाईल. साडेतीनशे.

भिंतीत कोणी ठोकतं, ते पाणी.
पंप थांबला की वर चढलेलं पाणी उलटं धावतं
आणि पाइपाच्या कोपराला डोकं आपटतं.
सेक्रेटरींना सांगा, व्हॉल्व्ह बसवून घ्या.
ठोकतं त्यांच्याही भिंतीत,
पण त्यांनी फ्लॅट विकायला काढलाय.

कण्हतंय ते कबूतर.
एसीच्या मागे दोन अंडी आहेत, वाकून बघा.
हाकलायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

लिंबू-मिरची बांधा, मी नको म्हणणार नाही.
नारळ उतरवून टाका, कोपऱ्यावर टाका.
वॉचमन रामसुमेर तो उचलतो, चटणी वाटतो,
सहा वर्षं झाली, त्याला साधी सर्दी नाही.

एवढ्यावर बहुतेक घरं शांत होतात.

शलाका गोडांबेंचं झालं नाही.
नवरा बंदरावर रात्रपाळीला, ही एकटी सातव्या मजल्यावर.
पावलं, म्हणाली. अनवाणी, ओली.
हॉलमधून किचनच्या गॅलरीपर्यंत जातात,
थांबतात, काहीतरी ऐकल्यासारखी,
मग परत फिरतात.
तिनं वही केली होती, दुधाच्या हिशोबाच्या मागल्या पानांवर:
बुधवार पावणेएक. गुरुवार दीड. शुक्रवार सव्वादोन.

मी ती वही दोनदा वाचली.
रोज पाऊण तास उशिरा येणारं भूत
मी कधी ऐकलेलं नाही.
रोज पाऊण तास उशिरा येते ती भरती.
तिथीची पाऊणपट कर, बाप सांगायचा,
पाणी किती वाजता चढेल ते बोटांवर कळतं.
मंगळवारी पुनव होती.

इथे आमचं खाजण होतं.
उधाणाच्या रात्री बाप कंदील घेऊन बांधावर जायचा,
अनवाणी, कारण चिखल तळव्याला कळतो, चपलेला नाही.
खेकड्याच्या बिळातून पाणी शिरतंय का,
थांबून ऐकायचा. उघाडीची फळी चाचपायचा.
पानी आयला रं, उठ.
मी उठायचो नाही.
पुढे जमीन गेली, साडेबारा टक्क्यांचा कागद आला,
कागद विकून मोठा ट्रक आणला, ट्रकही गेला.
बाप मात्र तिथीनं जागा व्हायचा
चाळीतल्या पंख्याखाली, मरेपर्यंत.

पण हे सातव्या मजल्यावर कोणाला सांगायचं?
मी म्हटलं, बिल्डिंगचं अर्थिंग गेलंय.
खोटं नव्हतं. मीटर तेच दाखवत होता.

खाली मीटरखोलीमागे सहा फूट खणलं.
चार फुटांपर्यंत डबर, मुरूम, एका चपलेचा तळवा.
मग तो राखाडी चिखल लागला,
पावडीखाली चपकन बोलला.
रामसुमेरनं नाकाला गमछा लावला.
मी नाही लावला.
पट्टी उतरवली, वर कोळसा, वर मीठ,
मीठ थोडं जास्तच पडलं,
बादलीभर पाणी ओतलं, ते लगेच पिऊन टाकलं जमिनीनं.

वर जाऊन तिला सांगितलं:
पावलं आली तर उठू नका, दिवाही लावू नका.
पडल्या पडल्या म्हणा, बांध शाबूत आहे.
मोठ्यानं म्हणायची गरज नाही.

कोणता बांध, तिनं विचारलं.

मी बिल लिहीत होतो.
वायर साडेतीनशे, अर्थिंग अडीच हजार,
मीठ वेगळं.